वीज घेतलीच नाही, तरी पैसे आपणच का भरायचे?

प्रश्न : बिलात ‘इंधन समायोजन आकार’ दर महिन्याला वेगळाच असतो. शेजारचे काका म्हणतात, कंपनीने महागड्या विजेचे करार केलेत आणि न घेतलेल्या विजेचे पण पैसे आपल्याकडून काढतात. खरंय का? आणि याला अडवणारं कोणी नाही का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : काकांचं बरोबर आहे. कोळशावरच्या वीजनिर्मिती केंद्राशी करार होतो तेव्हा दराचे दोन भाग असतात, एक स्थिर आकार म्हणजे केंद्र उभारायचं कर्ज, व्याज, पगार वगैरे, आणि दुसरा इंधनाचा. समजा स्थिर दीड रुपया आणि इंधन चार रुपये युनिट, आणि त्या दिवशी बाजारात अडीच रुपयाला वीज मिळतेय, तर कंपनी बाजारातून घेणार, ते योग्यच, पण केंद्र चालायला तयार होतं म्हणून त्याचा दीड रुपया द्यावाच लागतो. हा सगळा खर्च वर्षाच्या हिशोबात धरून राज्याचा वीज नियामक आयोग दर ठरवतो. वीजखरेदीवर वितरण कंपनीला नफा लावता येत नाही, जेवढ्याला घेतली तेवढंच वसूल. दर ठरल्यावर इंधन महागलं की फरक इंधन समायोजनातून नंतरच्या बिलात येतो, आणि तरी काही उरलं तर पुढच्या ट्रू-अपमध्ये, म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांच्या फरकाच्या हिशोबात, तेही व्याजासकट.

दाभोळचं प्रकरण आपल्याकडे कोण विसरेल! वीज मंडळाने एन्रॉनच्या कंपनीशी करार केला 1993 ला, दर डॉलरला आणि इंधनाला बांधलेला, वीज 1999 ला सुरू झाली आणि 2001 मध्ये मंडळाने ती घेणंच बंद केलं. करार झाला तेव्हा राज्यात वीज नियामक आयोगच नव्हता, तो आला 1999 मध्ये. आता 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 86 नुसार वीज कुठून, किती दराने घ्यायची यावर आयोगाचं नियंत्रण आहे. माझ्या मते खरी लढाई तिथेच आहे, कारण एकदा करार मंजूर झाला की वीस-पंचवीस वर्षं तो खर्च दरात येत राहतो आणि बिल आल्यावर ओरडून काही होत नाही.

अडवलं जातच नाही असं मात्र नाही. ठरवून दिलेल्यापेक्षा वीजगळती जास्त झाली तर त्यासाठी लागलेल्या जादा विजेचा सगळा खर्च आयोग ग्राहकावर टाकू देत नाही. इंडोनेशियाने नियम बदलले म्हणून तिथून येणारा कोळसा महागला, दर वाढवून द्या, अशी टाटा आणि अदानीच्या गुजरातमधल्या मुंद्रा वीजकेंद्रांची मागणी होती, ती सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2017 मध्ये नाकारली. पण देशातल्या कोळसा धोरणात बदल झाला तर भरपाई मागता येते असंही त्याच निकालात आहे, आणि ती भरपाई फिरून आपल्याच बिलात येते.

तुम्ही काय करू शकता? दरवाढीची याचिका आली की कंपनीला जाहिरात द्यावी लागते, कोणीही ग्राहक लेखी हरकत घेऊ शकतो आणि सुनावणीत बोलूही शकतो, वकील लागत नाही. याचिकेत वीजखरेदीचा तक्ता असतो, केंद्राचं नाव, घेतलेली युनिटं, स्थिर खर्च, इंधन खर्च. ज्या ओळीत स्थिर खर्च मोठा आणि युनिटं नावाला असतील ती ओळ धरा आणि हा करार अजून का चालू आहे, एवढंच लेखी विचारा, कारण लेखी हरकतीला कंपनीला उत्तर द्यावं लागतं.