डेरा, डेरी आणि ठेसन

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचं गाव मिरज-कोल्हापूर लाईनवर, रुकडीच्या आसपास. गावात सांगण्यासारख्या दोनच गोष्टी, एक ठेसन आणि एक डेरी. त्यांचे आजोबा म्हणायचे की डेरी हा शब्द साहेबानं आपल्याच ताक घुसळायच्या डेऱ्यावरनं उचललाय. ते खरं का? आणि दुसरं, "डेरीला दूध घालून येतो" म्हटलं की पुण्यातले मित्र हसतात, तर ते 'घालणं' चूक आहे का?

दुसऱ्याचं आधी सांगतो, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाही (बघा, वादसुद्धा घालतोच). चूक अजिबात नाही, हसू देत त्यांना. पुण्यातला गवळीसुद्धा रतीब घालतोच की, रतीब विकतो असं कोण म्हणतं? रतीब मूळचा अरबी, रोजचा ठरलेला शिधा असा अर्थ, आणि घालणे आपलं जुनं प्राकृतातलं 'घल्ल', म्हणजे टाकणे, ठेवणे. कपडे घालतो, जेवायला घालतो, पोरगं चुकलं तर पाठीशी घालतो, सगळीकडं तेच क्रियापद. पण आपल्याकडं दूध घालण्यात अजून एक बारकावा आहे असं माझं मत. बाजारात कोथिंबीर 'विकतात', तिथं पेंडी हातात देताना पैसे हातात येतात. डेरीला तसं नसतं. चरवीतलं दूध किटलीत, किटलीतलं मापात, मग फॅट (दुधातली स्निग्धता) मोजायची, डिग्री म्हणजे दाटपणा बघायचा, पुस्तकात आकडा लिहायचा, आणि पैसे दहा दिवसांच्या बिलाला. म्हशीच्या दुधाचा दर 6 टक्के फॅट आणि 9 टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून बांधलेला असतो, त्याच्या खाली-वर जाईल तसा कमी-जास्त. शिवाय दिवाळीला 'फरक', म्हणजे दराची मागनं मिळणारी वाढीव रक्कम, येतो तो वेगळाच. म्हणजे दूध हातातनं जाताना त्याचे नक्की किती होणार हे घरात कुणालाच माहीत नसतं! ऊसाचं पण तेच, म्हणून ऊस कारखान्याला 'घालतात' आणि गूळ अडत्याकडं 'विकतात'. सभासद म्हणून आपला वाटा आत टाकायचा आणि हिशोब मागनं व्हायचा, त्याला घालणे. कोल्हापूर जिल्हा दूध संघ, म्हणजे आपलं गोकुळ, 1963 सालचा. त्याच्या आधी गावात रतीब 'घालणं' होतंच, संस्था आल्यावर रतीब गेला आणि घालणं तेवढं राहिलं, असा माझा अंदाज.

आता डेरा. तुमच्या आजोबांचा तर्क ऐकायला इतका गोड आहे की मोडायचं जीवावर येतंय. मराठीत डेरा दोन, एक तंबू-पडाववाला, 'डेरा टाकला' मधला, आणि एक मातीचा मोठ्या पोटाचा, ज्यात रवी घालून ताक करायचे. झाड डेरेदार म्हणतो तेही या पोटाच्या आकारावरनंच असावं. डेऱ्यात दही, डेरीत दूध, जुळतंय की सगळं! पण जुळतंय एवढ्यावर शब्दाचं नातं लावता येत नाही, नाहीतर ढेरी पण डेरीचीच म्हणावी लागेल (दूध-तूप खाऊन सुटलेली).

इंग्रजीतला डेअरी हा शब्द सातेकशे वर्षांपूर्वीपासून लिहिलेला सापडतो, म्हणजे साहेब इकडं यायच्या कितीतरी आधीचा. बेकर काम करतो ती बेकरी, तशी 'डेय' काम करते ती डेअरी. डेय म्हणजे गोठ्यातली, दूधदुभतं बघणारी बाई. आणि ही डेय त्याच्याही आधी कणीक मळणारी होती, मोलकरीण म्हणा. लेडी या शब्दात पण शेवटी हीच बाई लपलीय, लेडी म्हणजे मुळात पाव मळणारी. पीठ मळणे, लिंपणे, आकार देणे असं ते मूळ, आणि त्याच मुळाचा संस्कृतातला धातू दिह्, म्हणजे लिंपणे, माखणे. त्यावरनं काय आलं? देह. संदेहसुद्धा. तर आजोबांना सांगा, डेरीचं आपल्याशी नातं आहे, पण ते डेऱ्याशी नाही, देहाशी आहे. चुलत-चुलत का होईना.

अजून एक गंमत. इंग्रजीत डेअरी म्हणजे मुळात गोठा नव्हे, दूध ठेवायची, लोणी काढायची खोली. आपल्या गावातली डेरी म्हणजे पण तेच ना, देवळाशेजारची एक खोली, एक टेबल, फॅटचं मशीन आणि कॅन. जनावरं घरी, डेरीत नुसतं दूध. शहरात डेअरी म्हणजे श्रीखंड-पनीरचं दुकान आणि तिकडं न्यूझीलंडमध्ये तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात, मग तिथं दूध कमी आणि बिस्किटं जास्त असली तरी. त्या मानानं आपला अर्थ मुळाला जास्त धरून आहे.

ठेसनाची गोष्ट याच्या उलट. दिसायला इंग्रजी, पण नातं अगदी जवळचं. ही लाईन राजर्षी शाहूंच्या कारकिर्दीतली, 1888 ला काम सुरू, 1891 ला गाडी कोल्हापुरात, तेव्हा मीटरगेज, ब्रॉडगेज व्हायला 1971 उजाडलं. त्या पहिल्या गाडीबरोबर गावात आलेले शब्द लोकांनी कानावर ऐकून घेतले, पाटीवर वाचून नव्हे, त्यामुळं ते चांगलेच घासले गेले: प्लॅटफॉर्मचा फलाट, स्टेशनचं ठेसन. हिंदीवाले अशा जागी पुढं इ लावतात, इस्टेशन. आपण स गिळतो, पण त्याचा श्वास मागं ठेवतो. स्तनाचं थान, मस्तकाचा माथा, स्थानाचं ठाण, ही जुनीच खोड. आणि स्टेशन लॅटिनमधल्या उभं राहणे या मुळाचं, तेच आपलं स्था. म्हणजे ठेसन आणि पोलीस ठाणं दोघं भाऊभाऊ. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 48 पोलंडचे पाचेक हजार निर्वासित होते, त्यांच्या भाषेत स्टेशनला 'स्तात्स्या' म्हणतात, तोही त्याच घरातला.

यावर कुणी म्हणेल मग एसटी स्टँडचा 'ठँड' का नाही झाला? तर एसटी 1948 ची, तोवर शाळा वाढल्या होत्या, इंग्रजी अक्षरं गावात ओळखीची झाली होती. डेरी, फॅट, कॅन हे त्याच्याही नंतरचे, म्हणून ते जेमतेम घासलेत, डेअरीतला अ तेवढा गेला. किटली मात्र जुनी दिसते, केटलची किटली होऊन ती इतकी मुरलीय की चहाची साहेबाकडं राहिली आणि दुधाची आपल्याकडं आली.

जाता जाता, तुम्ही लाईनवरचे म्हणून. आमच्याकडं जुनी माणसं गाडी सुटणार असली की "सिग्नल पडला, चला" म्हणतात आणि शहरातल्या पोरांना वाटतं सिग्नल पडला म्हणजे बिघडला. जुन्या खांबावरचा हात आडवा असला की थांबा, खाली पडला की जा. आता लाल-हिरवे दिवे आलेत, पडायला काही उरलं नाही, तरी आमची म्हातारी रुकडीच्या फलाटावर हिरवा दिवा बघून किटलीला हात घालते आणि म्हणते, पडला बघ.