वाचकांचे प्रश्न : हाताची दिशा कोण ठरवते?

प्रश्न : आपण पेला उचलायला हात पुढे करतो, तेव्हा मेंदूतील एकच पेशी हाताला आज्ञा देते का?

उत्तर : नाही. हे काम मेंदूच्या प्रेरक बाह्यपटलातील, म्हणजे मोटर कॉर्टेक्समधील, असंख्य चेतापेशी मिळून करतात. या पेशींपैकी अनेकींचे तंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलून मज्जारज्जूत उतरतात, त्यामुळे उजव्या हाताची सूत्रे प्रामुख्याने डाव्या मेंदूकडे असतात.

या पेशी दिशा कशी ठरवतात, याचे उत्तर मला फार सुंदर वाटते. मेंदूशास्त्रज्ञ अपोस्टोलोस जॉर्जोपोलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये माकडांवरील प्रयोगांतून दाखवले, की यांपैकी बहुतेक पेशींना आपापली एक आवडती दिशा असते. समजा, एखाद्या पेशीची पसंती डावीकडे आहे. हात डावीकडे निघाला की तिची विद्युतस्पंदने सर्वाधिक वेगाने उमटतात, तिरका गेला तर थोडी मंदावतात आणि उजवीकडे जाताना सर्वांत कमी होतात. एकटीच्या स्पंदनांवरून नेमकी दिशा सांगता येत नाही, कारण डावीकडे वर आणि डावीकडे खाली जाताना ती जवळपास सारखीच बोलते. मात्र प्रत्येकीचे मत तिच्या स्पंदनांच्या वेगानुसार वजन देऊन एकत्र केले, की हाताची दिशा बरीच अचूक कळते आणि तीही हात हलण्याच्या किंचित आधी. अर्थात, पेशी केवळ दिशा नव्हे, तर जोर आणि वेगही सांगतात.

याच ज्ञानाच्या आधारे, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, हातपाय लुळे पडलेल्या एका स्त्रीने मेंदूत बसवलेल्या विद्युतअग्रांच्या, म्हणजे इलेक्ट्रोड्सच्या, साहाय्याने यांत्रिक हात हलवून स्वतः कॉफी प्यायली.