वाचकांचे प्रश्न : कार्डाचं बिल आणि दहा हजार पावलं

प्रश्न : क्रेडिट कार्डाचं बिल ४०,००० आलंय. सध्या ‘मिनिमम ड्यू’चे, म्हणजे किमान भरायचे, २,००० भरले तर चालेल ना?

उत्तर : लेट फी टळेल, व्याज नाही. दर महिना साडेतीन टक्के धरला, तर उरलेल्या ३८,००० वर महिन्याला १,३३० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे २३९. म्हणजे पुढच्या २,००० मधले जेमतेम ४३० मुद्दलात जाणार. शिवाय व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजतात, आणि बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत नसते. कार्डावर घेतलेला किराणासुद्धा पहिल्या दिवसापासून व्याजावर! तेव्हा कार्ड आधी कपाटात ठेवा. एफडी असेल तर तिच्यावर कर्ज काढून बिल मिटवा, ते बरंच स्वस्त पडतं. नसेल तर बँकेकडून या थकबाकीचे मासिक हप्ते पाडून घ्या. प्रोसेसिंग फी मात्र आधी विचारा.

प्रश्न : रोज १०,००० पावलं होत नाहीत. काय करू?

उत्तर : हा आकडा १९६५च्या एका जपानी पेडोमीटरच्या, म्हणजे पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या, नावातून रूढ झाला; तो काही वैद्यकीय नियम नव्हे. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतक्या वेगानं.