मसुदा कच्चा असतानाच दाखवा
स्कीमा, म्हणजे नोंदींमध्ये कोणती माहिती कोणत्या नावाने आणि कशा रूपात ठेवायची याचा आराखडा, पूर्ण झाल्यावरच लोकांसमोर ठेवावा असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तोवर तुमचाच सगळा कोड त्यावर उभा राहिलेला असतो आणि एखाद्या फील्डचे (माहितीच्या रकान्याचे) नाव बदलणेही जिकिरीचे होते. तात्पुरती नावे तर हमखास चिकटून बसतात: इंटरनेट प्रोटोकॉलांमध्ये अप्रमाणित नावांना ‘एक्स-’ हा उपसर्ग लावण्याची प्रथा मुख्यतः याच कारणाने २०१२ साली आरएफसी ६६४८ या इंटरनेट मानकांच्या मालिकेतील दस्तऐवजाने मोडीत काढली.

मसुद्यासोबत खऱ्या नोंदींचे नमुने जोडा, कारण नुसती व्याख्या वाचून सहसा कोणी हरकत घेत नाही. ‘०३/०४/२०२१’ अशी तारीख समोर आली, की मात्र हा मार्च की एप्रिल असा प्रश्न लगेच निघतो आणि आयएसओ ८६०१ या तारखा लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ‘२०२१-०४-०३’ लिहिण्याची अट का हवी, हे वेगळे सांगावे लागत नाही. रिकामे मूल्य आणि मुळातच नसलेले फील्ड यांचा अर्थ एकच का, असे विचारणारा माणूस कटकट्या वाटला तरी त्याला धरून ठेवा (माझ्या अनुभवात असे लोक फार थोडे भेटतात). नाकारलेल्या सूचनेचे कारणही मसुद्यातच नोंदवा, नाहीतर तोच वाद काही महिन्यांनी नव्या माणसाकडून पुन्हा येतो.