सात ट्रॉफ्या, पण दिसलं काहीच नाही

प्रश्न: आइस हॉकीतल्या थोर डिफेन्समनांत, म्हणजे बचावपटूंत, निकलास लिडस्ट्रॉमचं नाव घेतात, म्हणून त्याचे जुने सामने मुद्दाम बघितले. ना मारामारी, ना कुणाला धडक देऊन आडवं करणं. तो काही करताना दिसतच नाही. मग एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगच्या सर्वोत्तम डिफेन्समनला मिळणारी नॉरिस ट्रॉफी याला सात वेळा कशी मिळाली?

उत्तर: तुम्ही बघितलंत ते बरोबर आहे. मीही सुरुवातीला असंच म्हणायचे. माझं मत बदललं ते टीव्हीपुढे नाही, पेनल्टी बॉक्सच्या दाराशी. कॅनडात मुलांच्या सामन्यांना मी बरीच वर्षं घड्याळ सांभाळायला बसत होते. माझी खुर्ची दोन्ही संघांच्या पेनल्टी बॉक्सच्या मधोमध. शिक्षा भोगायला आत येणारी पोरं बहुतेक डिफेन्समन असायची, आणि त्यांचे गुन्हेही ठरलेले: स्टिक अडकवून ओढलं, हाताने धरून ठेवलं, पायात स्टिक घातली. नीट पाहिलं तर हे सगळे उशिराचे गुन्हे आहेत. समोरचा निसटून पुढे गेला, आता पाय पोचत नाहीत, मग हात पुढे येतो.

आता लिडस्ट्रॉमचा हिशेब बघा. 1991 ते 2012 अशा वीस हंगामांत डेट्रॉइट रेड विंग्जसाठी 1564 सामने, आणि त्यात पेनल्टीची मिनिटं 514. साधी शिक्षा दोन मिनिटांची असते, म्हणजे सरासरी सहा सामन्यांत एकदा तो बॉक्समध्ये बसला. तेही रोज समोरच्या संघातल्या सगळ्यात धोकादायक खेळाडूपुढे उभं राहून! ज्याला उशीरच होत नाही, त्याला ओढाओढ करायची वेळ कशाला येईल?

एनएचएलची 1997 ची अंतिम मालिका शोधून बघा. फिलाडेल्फियाकडे एरिक लिंड्रोस होता, धिप्पाड आणि अंगावर येणारा. सगळ्यांना वाटलं, डेट्रॉइटचे प्रशिक्षक स्कॉटी बोमन त्याच्यावर व्लादिमीर कॉन्स्टँटिनोव्हसारखा दणकट, भांडखोर गडी सोडणार. बोमननी पाठवली लिडस्ट्रॉम आणि लॅरी मर्फीची जोडी, दोघेही डोक्याने खेळणारे. हिशेब सरळ होता: लिंड्रोसशी कुस्ती करायचीच नाही, पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, त्याच्यापर्यंत पोचूच द्यायचा नाही. पक हाती आला की पहिला पास असा द्यायचा की खेळ उलट्या दिशेला पळावा. डेट्रॉइटने मालिका 4-0 अशी जिंकली. लिंड्रोसला सगळ्या मालिकेत एकच गोल करता आला, तोही चौथ्या सामन्याच्या अगदी शेवटच्या मिनिटात.

तुमची अडचण अशी आहे की कॅमेरा पकच्या मागे धावतो आणि डिफेन्समनचं काम पक यायच्या आधी उरकलेलं असतं. तेव्हा पुढच्या वेळी एक करा. एकच शिफ्ट, म्हणजे खेळाडू एका खेपेला बर्फावर असतो ते पाऊण मिनिट, पक सोडून फक्त लिडस्ट्रॉमकडे बघा. तो उलटा सरकत असतो, समोरच्याशी स्टिकभर अंतर राखून. नजर पकवर नसते, समोरच्याच्या छातीवर असते, कारण पक हुलकावणी देतो, छाती देत नाही. समोरच्याला मधली वाट मिळणार नाही अशा बेताने उभं राहायचं, म्हणजे तो आपोआप कडेच्या बोर्डाकडे, मैदानाच्या कठड्याकडे, वळतो. तिथून गोलचा कोन इतका अरुंद होतो की गोलरक्षकाला फारसं काही करावं लागत नाही. प्रेक्षकांना वाटतं, हल्ला आपला आपणच विरला.

गोलही तो करायचाच, 264 केले. पण मला आवडायची ती त्याची एक लबाडी. डेट्रॉइटच्या जो लुई अरेनामध्ये गोलमागचे बोर्ड उसळी देणारे होते. तो मुद्दाम गोलच्या बाजूला फटका मारायचा, पक बोर्डावर आपटून उलटा गोलसमोर यायचा आणि आपला गडी तिथे तयार असायचा. नेम चुकला असं वाटून आपण हळहळतो तोवर गोल झालेला!

प्रश्न: माझा भाचा 19 वर्षांचा आहे, कॅनडाच्या ज्युनिअर लीगमध्ये डिफेन्समन आहे. एनएचएलचे संघ दरवर्षी नवी मुलं निवडतात त्या ड्राफ्टमध्ये दोन वर्षं त्याचं नाव आलं नाही. माझे मेहुणे म्हणतात, आता पुरे. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर: मेहुण्यांची काळजी खोटी नाही. सात फेऱ्यांत जेमतेम सव्वादोनशे मुलं निवडली जातात, आणि त्यातलीही बरीच एनएचएलच्या बर्फावर कधी उतरत नाहीत. पण डिफेन्समन उशिरा पिकतो, हेही मेहुण्यांना सांगा. फॉरवर्डचा, म्हणजे हल्ला करणाऱ्या खेळाडूचा, वेग अठराव्या वर्षी दिसतो. डिफेन्समनचं अंतर राखणं, धीर, अंदाज हे चुका करून करूनच येतं. लिडस्ट्रॉमची निवड 1989 मध्ये 53 व्या क्रमांकावर झाली. झ्देनो खारा 1996 मध्ये 56 वा. डंकन कीथ 2002 मध्ये 54 वा, आणि त्यानंतरही दोन हंगाम तो खालच्या एएचएलमध्ये घासत होता. तिघांनीही पुढे नॉरिस मिळवली. लिडस्ट्रॉमला पहिली मिळाली तेव्हा तो 31 वर्षांचा होता, शेवटची 41 व्या वर्षी.

मार्क जिओर्डानोला तर कुणी निवडलंच नव्हतं. एनएचएलमधल्या कॅल्गरी संघाने करार दिला, पण पुढे मनासारखा करार मिळेना, तेव्हा 2007-08 चा हंगाम तो मॉस्कोत जाऊन खेळला. परत आला, कॅल्गरीचा कर्णधार झाला आणि 2019 मध्ये, 35 व्या वर्षी, नॉरिस घेतली.

अशी उदाहरणं मोजकीच असतात, म्हणून भाच्याला शिक्षण सोडू देऊ नका. मेजर ज्युनिअरमध्ये, म्हणजे कॅनडातल्या वरच्या ज्युनिअर लीगमध्ये, खेळलेल्यांना अमेरिकन विद्यापीठांच्या संघांची दारं पूर्वी बंद होती. 2025-26 च्या हंगामापासून ती उघडली आहेत. पदवी आणि वाढीची आणखी काही वर्षं एकाच ठिकाणी मिळत असतील, तर मी तरी आधी तिकडे चौकशी करीन. आणि प्रशिक्षकांना एवढंच विचारा: सामना हातात असताना शेवटच्या दोन मिनिटांत ते त्याला बर्फावर ठेवतात का? त्याचे गोल किती झाले यापेक्षा या उत्तरातून जास्त कळेल.

प्रश्न: सात दात पडूनही कीथ त्याच सामन्यात परत खेळला, ही दंतकथा का?

उत्तर: दंतकथा शब्द चांगला काढलात, पण घटना खरी आहे. मे 2010, कीथचा शिकागो संघ विरुद्ध सॅन होसे. समोरच्याने बाहेर काढलेला पक थेट तोंडावर बसला. कीथ आत गेला, तोंड बधिर करून घेतलं आणि त्याच सामन्यात परत उतरला. शिकागोने तो सामना जिंकला आणि पुढच्या महिन्यात एनएचएलच्या विजेत्याला मिळणारा स्टॅनले कपही. 2013-14 पासून एनएचएलमध्ये नव्याने येणाऱ्यांना हेल्मेटवरची अर्धी काच सक्तीची झाली. ती डोळे झाकते. दात अजूनही उघड्यावरच आहेत.