सही केली म्हणजे गुन्हा कबूल झाला का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतो. गोदामातून सुताचे कोन चोरीला गेले म्हणून पोलिसांनी त्याला दोनदा चौकशीला बोलावलं. दुसऱ्यांदा रात्री नऊपर्यंत बसवून ठेवलं आणि एका कागदावर सही घेतली. आमच्या घरात तेलुगू बोलतात. त्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. शेजारी म्हणतात, सही केली, आता गुन्हा कबूल झाला. त्याने चोरी केलेली नाही. काय करावं? – एक बहीण, सोलापूर

उत्तर : ताई, मीही पूर्वभागातच वाढले, माझे वडीलही मागावर होते. न वाचता केलेल्या सहीची धास्ती काय असते, ते मी घरात पाहिलंय. शेजाऱ्यांचं ऐकू नका. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध कोर्टात चालत नाही, मग अधिकारी कितीही मोठ्या हुद्द्याचा असो. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. मकोकासारख्या खास कायद्यांत वेगळं आहे, पण चोरीच्या साध्या प्रकरणाला ते लागू नाही.

आता तो कागद कोणता होता, हे भावाला शांतपणे आठवायला सांगा. हजर राहण्याची नोटीस मिळाल्याची पोच असेल तर काळजी नाही. जबाब असेल तर कायद्याने त्यावर सही घ्यायचीच नसते. पण त्यात ‘माल मी काढून देतो’ असं काही लिहिलं असेल आणि दोन पंचांच्याही सह्या असतील, तर मला लगेच दाखवा. कलम २३ मधली पळवाट तिथेच आहे. पोलिसांच्या ताब्यातल्या माणसाने सांगितल्यावरून वस्तू सापडली, तर त्या वस्तूपर्यंत नेणारं तेवढंच बोलणं पुराव्यात येतं. ‘चोरी मी केली’ हे वाक्य तरीही येत नाही. माझ्या एका अशिलाच्या घरातल्या माळ्यावरून कोन निघाल्याचा पंचनामा होता. पंच म्हणून सही केलेला चहावाला उलटतपासणीत म्हणाला, “मी त्यांच्या घरी गेलोच नाही, चहा द्यायला ठाण्यात गेलो होतो, तिथंच सही केली.” अख्खा पंचनामा तिथेच कोसळला. म्हणून भावाला कुठे कुठे नेलं, सोबत कोण होतं, किती वाजले होते, हे आज रात्रीच वहीत लिहून काढा. तेलुगूत लिहिलं तरी चालेल. चार महिन्यांनी हे आठवत नाही.

पुन्हा नोटीस आली तर त्याने जायलाच हवं, टाळाटाळ केली तर अटकेला कारण मिळतं. चोरीसारख्या, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं लिहावी लागतात. नाव, पत्ता, नोकरी विचारली तर खरं सांगावं. जे उत्तर त्यालाच गुन्ह्यात अडकवेल, ते देण्याची सक्ती मात्र नाही. हा संविधानाच्या कलम २०(३) मधला हक्क आहे, आणि नंदिनी सत्पथी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली तो पोलीस चौकशीलाही लागू असल्याचं सांगितलं. मराठीत लिहिलेला कागद पुढे आला तर ‘मला वाचता येत नाही, तेलुगूत समजावून सांगा’ एवढं त्याने म्हणावं आणि सही करू नये.

अटक झालीच, तर कारण त्याला समजेल अशा भाषेत सांगायला हवं, घरच्यांना कळवायला हवं, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायला हवं. चौकशी चालू असताना त्याला वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ वकील शेजारी बसू शकत नाही. मारहाण झाली असेल तर दंडाधिकाऱ्यांना तिथेच, तोंडाने सांगायचं. माझे कितीतरी अशील त्या दोन मिनिटांत गप्प राहिले, याचं मला आजही वाईट वाटतं. दंडाधिकारीच कबुलीजबाब नोंदवू शकतात, आणि त्याआधी ‘तुझ्यावर बंधन नाही, हे तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल’ असं बजावणं त्यांना भाग असतं. ‘मला द्यायचा नाही’ म्हटलं, तर तेवढ्यासाठी त्याला पोलीस कोठडीत परत धाडता येत नाही.

वकिलाच्या फीची चिंता करू नका. कारखान्यातल्या कामगाराला विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात भावाचं कारखान्याचं ओळखपत्र आणि ती नोटीस घेऊन सोमवारी सकाळीच जा.