वाचक विचारतात : गर्भपाताच्या फॉर्मवर सही कुणाची?

प्रश्न : तांबी बसवलेली असूनही पत्नीला दिवस गेले आहेत. दोन मुलं आहेत, तिसरं दोघांनाही नको. मी नोकरीसाठी बडोद्याला, ती इंदूरला. तिथल्या एका दवाखान्याने 'मिस्टरांची सही आणा, मग बघू' म्हणून परत पाठवलं. कायद्यात असं आहे का? – एक वाचक, बडोदे

उत्तर : नाही. संमतीच्या 'फॉर्म सी'वर तुमचं नाव आलंच तर 'अमुकची पत्नी' एवढ्यापुरतं. खाली सही तिची एकटीची. मुलगी १८ वर्षांखालची असेल किंवा स्त्री मानसिक आजारी असेल, तरच पालकाची सही लागते. पुढे घरचे भांडायला येतील या धास्तीने दवाखाने नवऱ्याला बोलावतात, आणि या खेपांमध्ये आठवडे निघून जातात.

आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी १ मेला आली असेल, तर ३ जुलैला ९ आठवडे भरतात (गर्भपाताच्या गोळ्यांची मुदत तिथे संपते) आणि १८ सप्टेंबरला २०. विसाव्या आठवड्यापर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, आणि गर्भनिरोधक फसणं हे कारण कायद्याला मान्य आहे. खासगी ठिकाणी मान्यतेचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असलं पाहिजे, ते आधी बघा. इंदूरच्या एम. वाय.सारख्या सरकारी रुग्णालयाला वेगळी मान्यता लागत नाही.

तुमच्या बाबतीत सोनोग्राफी टाळू नका. तांबी असताना दिवस गेले, तर गर्भ नळीत असण्याची शंका जास्त असते. तिथे गोळ्या चालत नाहीत, उलट नळी फुटून जिवावर बेततं. गर्भ पिशवीतच असला तरी आधी तांबी काढायची, मग गोळ्या.

प्रश्न : अमेरिकेत २०२२ साली हा हक्क गेला. आपल्याकडे तो १९७१ पासून आहे. मग इथे वाद कसला? – एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : 'हक्क' या शब्दापाशीच वाद आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ नुसार गर्भपात आजही गुन्हा आहे. १९७१ चा कायदा फक्त अटी पाळणाऱ्या डॉक्टरला त्यातून सोडवतो. म्हणजे निर्णय स्त्रीचा, पण किल्ली डॉक्टरकडे. २०२१ च्या दुरुस्तीने मुदत काही गटांसाठी २४ आठवडे केली (बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या वगैरे), तिथे दोन डॉक्टर लागतात. गर्भनिरोधक फसण्याच्या कारणात 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' जाऊन 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' आलं. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही २४ आठवड्यांची सवलत लागू केली. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने दोन मुलांच्या आईला २६ व्या आठवड्यात परवानगी नाकारली : गर्भात गंभीर व्यंग नव्हतं, तिच्या जिवाला तातडीचा धोका नव्हता. गर्भाच्या जिवाची बाजू मांडणाऱ्यांना हे योग्य वाटलं. आमच्या मते मूळ दोष आधीचा आहे : पहिल्या बारा आठवड्यांतही स्त्रीला कारण सांगावं लागतं. आणि लिंगचाचणीबंदी हा वेगळा, १९९४ चा कायदा. या वादात तो घुसडू नये.

प्रश्न : अविवाहित आहे, २० वर्षांची. मेडिकलवर गर्भपाताच्या गोळ्यांचं किट चिठ्ठीशिवाय मिळतं. घेऊ का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : नको. किटात पाच गोळ्या असतात : २०० मिलिग्रॅम मिफेप्रिस्टोनची एक, आणि २४ ते ४८ तासांनी घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलच्या चार. किती आठवडे झाले आणि गर्भ कुठे आहे, हे दुकानदाराला कळत नाही. डॉक्टरकडे एकटी जाऊ शकतेस. तुझं नाव फोडणं हा वर्षभराच्या कैदेपर्यंतचा गुन्हा आहे. गोळ्यांनंतर तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील आणि असं सलग दोन तास चाललं, किंवा ताप उतरेना, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठ. रक्तगट निगेटिव्ह असेल तर पहिल्याच भेटीत सांग. पंधराव्या दिवशीची तपासणी चुकवू नकोस, रक्त थांबलं म्हणजे पिशवी रिकामी झालीच असं नसतं.